कंसातलं कुलूप

१

वडिलांचा मृतदेह शनिवारी दुपारी सापडला, आणि सापडला तो अशा बाईंना, ज्यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता. शाळेतल्या प्रयोगशाळेच्या शिक्षिका त्या. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दुकान आहे असं समजून चढत होत्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचल्या आणि थांबल्या, कारण पुढे जिनाच नव्हता. लाकडी पायऱ्या मोडून खाली आल्या होत्या आणि त्यांच्याखाली कोट घातलेला एक म्हातारा माणूस होता.

डॉक्टरांनी सांगितलं की कंबरेचं हाड मोडलं होतं. पडले गुरुवारी सकाळी, गेले बहुधा त्या रात्री. गुंजने पुढचं विचारलं नाही. गुंज हे वडिलांनी ठेवलेलं नाव. जन्मली तेव्हा इतकी हलकी होती की तराजूवाल्या बापाला दुसरं काही सुचलंच नाही.

पोलिसांनी तिच्या हातात त्यांच्या वस्तू दिल्या. चष्मा, बसचं तिकीट, पेन्सिलीचा तुकडा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या एका बाजूला त्यांच्या रेखीव अक्षरात त्या इमारतीचा पत्ता होता आणि खाली, ‘अ‍ॅगेट, तीन नग, फक्त आज दहापर्यंत.’ दुसऱ्या बाजूला अक्षर वेडंवाकडं झालं होतं. ‘अकराला हजर राहू शकत नाही. क्षमस्व.’

अकरा म्हणजे गुरुवारचे अकरा. वजनमापे कार्यालयातला निरीक्षक त्या वेळी वडिलांच्या कारखान्यात येणार होता. चाळीस वर्षं वडील प्रयोगशाळांचे तराजू दुरुस्त करत आले. तीन महिन्यांपूर्वी गावातल्या औषध कंपनीचा तराजू तपासताना त्यांच्या लक्षात आलं की तराजू ठीक आहे, पण त्याच्यासोबतची प्रमाण वजनं तळाशी घासून हलकी केली आहेत. त्या वजनांवर तोललेलं औषध प्रत्येक गोळीत कमी पडणार. गोळ्या फिट येणाऱ्या मुलांच्या. त्यांनी आकडे वहीत टिपले आणि तक्रार केली.

निरीक्षक आला, दाराला कुलूप पाहून गेला आणि फाइलवर लिहून ठेवलं, ‘तक्रारदार अनुपस्थित. वार्धक्य. विश्वासार्ह नाही.’ सोमवारी पाच वाजता फाइल बंद होणार होती.

गुंज रविवारी सकाळी त्याच्या घरी जाऊन त्याला भेटली. माणूस वाईट नव्हता. वही पाहून म्हणाला, आकडे नुसते आकडे असतात, लिहिणारा भरवशाचा हवा. ठरलेली भेट विसरून पडक्या इमारतीत भटकणारा माणूस भरवशाचा कसा म्हणायचा? ते स्वतःहून तिकडे गेले नाहीत, त्यांना कोणीतरी मुद्दाम लांब नेलं, असं काही असेल तर पुरावा आणा, मग बघू.

वडील आयुष्यात कुठे उशिरा पोचले नव्हते. शाळेच्या स्नेहसंमेलनालासुद्धा पडदा उघडायच्या आधी तासभर येऊन बसायचे आणि तिला लाज आणायचे. जिना उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. रिकाम्या इमारतीत तीन दिवसांत दोन माणसं चढली होती, आणि दोघंही एकच दुकान शोधत होती.

२

शिक्षिका रविवारीही शाळेतच भेटल्या. परीक्षा जवळ आल्या होत्या, म्हणून परीक्षानळ्या धूत होत्या. गुंजला पाहून त्यांनी हात पुसले.

मग सांगू लागल्या. शाळेच्या जुन्या तराजूची धार तुटली होती. ज्या पात्यावर तराजूची दांडी टेकते ते पातं अ‍ॅगेट नावाच्या दगडाचं असतं, हल्ली मिळत नाही. गुरुवारी सकाळी पावणेनऊला, पहिल्या तासाच्या आधी, त्यांनी फोनवर शोधलं. सगळ्यात वर जाहिरात आली. पत्ता होता, वेळ होती.

‘फक्त आज’ लिहिलं असताना शनिवारी कशा गेलात, असं गुंजने विचारलं.

“अहो, आजच शेवटचा दिवस असं दुकानदार वर्षभर म्हणत असतात,” त्या म्हणाल्या. “मला शनिवारीच अर्धा दिवस मिळतो.” आणि मग हळू आवाजात, “गुरुवारीच गेले असते तर...”

गुंज म्हणाली, तसं मनात आणू नका. तिला स्वतःलाही ते मनात आणायचं नव्हतं.

शोधताना नेमके कोणते शब्द लिहिले होते, हे तिने दोनदा विचारलं. शिक्षिकांना पक्कं आठवत होतं, ‘केमिकल बॅलन्सच्या दगडी धारा कुठे मिळतील’. अ‍ॅगेट हे नाव त्यांना तेव्हा ठाऊकच नव्हतं, जाहिरातीतून कळलं.

इमारतीविषयी विशेष काही सांगता येईना. अंधार होता, धूळ होती. कठड्याच्या टोकाला अननसासारखी कोरलेली लाकडी गाठ होती, तिला धरून उभ्या राहिल्या होत्या, एवढंच.

मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. शाळेत खरेदीचा नियम कडक होता. टाचणी जरी घ्यायची तरी चौकशीचा कागद फाइलला लागलाच पाहिजे. म्हणून ते जाहिरातीचं पान त्यांनी गुरुवारीच छापून ठेवलं होतं.

गुंजने कागद उजेडात धरला. वर जाहिरातीचा मजकूर, मग पत्ता. अगदी तळाशी बारीक अक्षरात वेबसाइटचं नाव होतं. माशांच्या टाक्या दुरुस्त करणारी एक कंपनी, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेली.

तिला ती वेबसाइट ओळखीची होती. असणारच. ती तिनेच बनवली होती.

३

गुंज जिथे काम करायची त्या कार्यालयाचा धंदा एका वाक्यात सांगता येईल. कोणी सर्चमध्ये काही शोधलं की वर जी जाहिरात येते, ती त्यांनी लावलेली असते. गिऱ्हाइकं आडवाटेची. घंटा ओतणारे, कृत्रिम दात करणारे, माशांच्या टाक्यांवाले. मोठं गिऱ्हाईक एकच, तीच औषध कंपनी. अशा धंद्यात सगळी कला एकाच गोष्टीत असते: कोणत्या शब्दांना जाहिरात दाखवायची आणि किती सैल हाताने.

मास्तरांनी हे तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कार्यालयाचे मालक ते, पण सगळे मास्तरच म्हणायचे. त्यांच्या अक्षरातला तक्ता अजून भिंतीवर होता. ‘ब्रॉड म्हणजे दार सताड उघडं, कोणीही आत. फ्रेज म्हणजे साखळी लावलेलं दार. एक्झॅक्ट म्हणजे शब्द कंसात, आणि कंस म्हणजे कुलूप. ज्याच्याकडे तीच किल्ली, म्हणजे नेमके तेच शब्द, तोच आत.’ तक्त्याशेजारी जुना फोटो होता. तरुण मास्तर आणि त्यांचे पहिले दोन सहकारी, कुठल्याशा जिन्यात उभे.

कार्यालयात तिसरं माणूस म्हणजे चष्मा, जाड भिंगांमुळे सगळे त्याला हेच म्हणायचे. पंचविशीतला, घरी चार भावंडं, म्हणून रविवारीही कार्यालयात येऊन बसायचा. गुंजला दारात पाहून तो उठून उभा राहिला. सांत्वन करणं त्याला जमत नव्हतं. त्याने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

तिने टाकीवाल्याचं खातं उघडायला सांगितलं. जाहिरात काढून टाकलेली होती. पण त्या खात्यात काढलेली गोष्ट नाहीशी होत नाही, ‘काढली’ अशा खुणेसह पडून राहते. गुरुवारी सकाळी सहाला लावलेली, अकरा वाजून दहा मिनिटांनी काढलेली. शहरापुरतीच. दोन जणांनी उघडलेली. इतक्या थोड्या लोकांनी उघडली की कोणी काय शोधलं ते सर्चवाले दाखवत नाहीत. लावणाऱ्याचं नाव ‘कार्यालय’, म्हणजे तिघांचंही. पासवर्ड छपाईयंत्राला चिकटवलेलाच होता.

आणि शब्द एकच. कंसात.

[अ‍ॅगेट नाइफ एज]

नाइफ एज म्हणजे तीच दगडी धार. वडील रोज सकाळी आठला वाचनालयात जायचे आणि तिथल्या संगणकावर हेच तीन शब्द लिहायचे. महिनोन्‌महिने. माणूस उठला की तो संगणक आपली आठवण पुसून टाकतो, म्हणून पोलिसांना तिथे काही सापडलं नव्हतं. वडिलांच्या स्वतःच्या तराजूची धार फुटली होती, आणि तो चालू झाल्याशिवाय आपण मिलिग्रॅमपर्यंत कसं मोजतो हे निरीक्षकाला दाखवता येणार नव्हतं. तिने हा किस्सा डबा खाताना रंगवून सांगितला होता. लोक देवाचं नाव घेतात, आमचे बाबा अ‍ॅगेटचं घेतात. मास्तर हसले होते, चष्मा हसला होता, घरी काकाही हसला होता.

चष्मा पडद्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होता. “ताई, हे ज्याने केलंय त्याला आपलं काम येत नाही,” तो म्हणाला. “निगेटिव्ह एकही नाही.”

निगेटिव्ह म्हणजे ज्या शब्दांना जाहिरात दाखवायचीच नाही ते शब्द. चष्मा कुठल्याही खात्यात सगळ्यात आधी त्यांची यादी घालायचा, शे-दोनशे शब्द. यावरून दर सोमवारी त्याचं आणि मास्तरांचं वाजायचं.

मग त्याने वेळेवर बोट ठेवलं. “अकरा दहालाच का काढली असेल? गुरुवारी अकराला काय होतं?”

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

४

काकाला मात्र माहीत होतं. वडिलांचा धाकटा भाऊ, औषध कंपनीच्या गोदामात तेवीस वर्षं नोकरीला. तक्रारीचं कळल्यापासून दोघा भावांत बोलणं कमी झालं होतं. गुंज गेली तेव्हा तो अंधाऱ्या खोलीत जोडे घालून बसला होता, कुठे निघाल्यासारखा. पण कुठेच निघाला नव्हता.

तिने आडपडदा न ठेवता विचारलं. तोही सरळ बोलला. होय, दादाला तक्रार मागे घे म्हणालो. दोनदा म्हणालो, पाया पडलो. या वयात मला कोण नोकरी देणार? होय, गुरुवारचं मला माहीत होतं, दादानेच सांगितलं.

“तू कोणाला बोललास?”

“मी कोणाला बोलणार गं? तोंड उघडलं असतं तर आधी माझीच मान गेली असती.” त्याने मान वर केली. “तुला वाटतं, मी त्याला तिकडे धाडलं?”

गुंजला तसं वाटत नव्हतं. काकाला फोनवर साधा निरोप लिहायचा तर शेजारच्या पोरीला हाक मारावी लागायची. त्याला अकरा माहीत होते, पण कंस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. चष्म्याला कंस माहीत होता, पण अकरा माहीत नव्हते.

“काका, ती घासलेली वजनं अजून आहेत?”

काकाने जोड्याची नाडी सोडली. पेटी आहे, म्हणाला. मंगळवारी वितळवायला जाणार आहे.

“एक आणून दे.”

“गुंजे, मला नोकरीवरून काढतील.”

“हो,” ती म्हणाली. “उद्या पाचच्या आत आणून दे.”

ती उठली. दाराशी पोचली तरी त्याने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. रस्त्यात तिला एकाएकी भिंतीवरचा फोटो आठवला. कामाला लागल्यापासून रोज पाहिलेला, आणि म्हणूनच कधीच न पाहिलेला.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिने तो खिळ्यावरून उतरवला. तरुण मास्तर जिन्यात उभे होते. त्यांचा उजवा हात कठड्याच्या टोकावर होता, आणि हाताखाली लाकडात कोरलेला अननस.

५

मास्तर दहाला आले. तिला आपल्या खोलीत बसलेली पाहून म्हणाले, अगं, तू कशाला आलीस, पंधरा दिवस येऊ नकोस. त्यांचे डोळे खरंच ओले होते, हे तिने पाहिलं.

तिने टेबलावर फोटो ठेवला, शाळेतला कागद ठेवला, आणि बोलायला लागली. आवाज चढवला नाही. चष्मा दारात येऊन उभा राहिला. त्याला जा म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

ती म्हणाली, तीन जणांना हे खातं उघडता येतं. चष्म्याला गुरुवारचे अकरा ठाऊक नव्हते. मी ते बाहेरच्या फक्त एकाच माणसाला सांगितले होते, रजा मागताना, या खोलीत. तुम्ही रजा दिली नाहीत. औषध कंपनीचं सादरीकरण नेमकं त्या सकाळी ठेवलंत. ते गिऱ्हाईक गेलं तर कार्यालय बंद पडेल, हे मला कळतं.

मास्तर म्हणाले, रजा न देणं हा काही गुन्हा नाही.

नाही, ती म्हणाली. पण जाहिरात एका माणसाला दाखवायची होती आणि लावणाऱ्याने नुसता कंस घातला. निगेटिव्ह नाही, वेळेची मर्यादा नाही. त्याची खात्री होती की कंस म्हणजे कुलूप, आणि या शहरात ती किल्ली एकाच म्हाताऱ्याकडे आहे. आम्हा दोघांपैकी कोणीही असं केलं नसतं. कारण ते कुलूप आता राहिलेलं नाही, मास्तर. शब्द वेगळे असले तरी अर्थ जुळला की जाहिरात दिसते, कित्येक वर्षं झाली. चष्मा तुम्हाला दर सोमवारी हेच सांगत होता. तुम्ही सहा वर्षांत एकाही खात्याला स्वतः हात लावलेला नाही. म्हणून एका शिक्षिकेने दगडी धारा शोधल्या आणि त्यांनाही तुमचं दुकान दिसलं. त्या तिथे गेल्या नसत्या तर बाबा अजून तिथेच असते.

मास्तरांनी फोटो स्वतःकडे ओढला.

“हे कुठे टिकणार नाही,” मास्तर शेवटी म्हणाले. पण ते तिच्याकडे नाही, फोटोकडे बघत होते. “लांबचा पत्ता हवा होता. तिथे कोणी नसतं, एवढंच मला माहीत होतं. बारापर्यंत हेलपाटा घालून परत आले असते गं. मला ते फक्त अकराला कारखान्यात नको होते.”

“जिना?”

“आमचं पहिलं कार्यालय तिथे होतं तेव्हा जिना शाबूत होता.”

हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की तिला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. हा माणूस खोटं बोलत नव्हता. जे एकदा शिकला ते तसंच आहे असं धरून चालला होता, कंसही आणि जिनाही.

तिने पिशवीतून चिठ्ठी काढली आणि उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. वेडंवाकडं अक्षर लावायला त्यांना वेळ लागला.

“हे त्यांनी पडल्यावर लिहिलं,” गुंज म्हणाली. “मदत मागितली नाही. उशीर होतोय म्हणून माफी मागितली. निरीक्षकाची.”

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा टेबलाजवळ आला, त्याने एक कोरा कागद आणि पेन मास्तरांच्या समोर ठेवलं आणि परत दारात जाऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

६

वजनमापे कार्यालयात पोचायला साडेचार झाले. निरीक्षकाने मास्तरांचा कागद वाचला, शाळेतला कागद वाचला, खात्याच्या छापील नोंदी चष्म्याकडून नीट समजावून घेतल्या. मग फाइल उघडून ‘अनुपस्थित’ या शब्दावर रेघ मारली. ‘विश्वासार्ह नाही’ यावर नाही मारली. माणसाला फसवून नेलं हे मान्य, तो म्हणाला, मास्तरांचा कागद मी पोलिसांकडे पाठवतो. पण त्याने मोजलं ते बरोबर होतं, हे कशावरून? वस्तू कुठे आहे?

गुंजने दाराकडे पाहिलं. पावणेपाच. शिपाई टेबलं आवरू लागला होता. चष्मा घड्याळाकडे बघायचं टाळत होता.

पाचाला दहा कमी असताना काका आला. धाप लागली होती, अंगावर गोदामातला निळा सदरा तसाच. कोणाशी न बोलता त्याने खिशातून घडी केलेला रुमाल काढला आणि टेबलावर उघडला. आत पितळेचं दहा ग्रॅमचं वजन होतं. त्यावर कंपनीचा शिक्का आणि क्रमांक.

“फाटकावर तपासलं मला,” तो गुंजला म्हणाला. “तोंडात धरलं होतं.”

निरीक्षकाने वजन पुसलं, चिमट्याने उचललं आणि कार्यालयाच्या काचबंद तराजूत ठेवलं. दांडी हलली, बराच वेळ हलत राहिली. लहानपणी गुंज अशीच वडिलांच्या शेजारी उभी राहायची. दांडी थांबेपर्यंत श्वास घ्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तुझ्या श्वासाचंही वजन असतं, ते म्हणायचे.

तिने वही उघडून धरली होती, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ते पान तिला पाठ होतं.

काटा थांबला. निरीक्षक वाकला.

“एक्केचाळीस मिलिग्रॅम कमी,” त्याने वाचलं. मग हात पुढे केला. “वही.”

तिने दिली. त्याने क्रमांक शोधला, ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. मग पेन उचलून फाइलवर दुसरी रेघ मारली. रिकाम्या जागेत काय लिहावं याचा थोडा विचार करून त्याने तक्रारदाराच्या नावापुढे लिहिलं, ‘हजर.’

वेळेच्या रकान्यात त्याने घड्याळ पाहून चार छप्पन्न टाकले. तेव्हा कुठे गुंजने श्वास सोडला.